पपा पाण्यात थांबले होते

पपा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात नगांचं माप तपासायचं गेज होतं. परंदवडीजवळच्या कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. तिथे आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोन गेटवर आला आणि वॉचमन चालत आत आला. "मॅडम, लोणावळ्याहून कोणी रणपिसे आहेत. अर्जंट म्हणतायत." रणपिसे अंकल म्हणजे आमच्या चर्चचे जुने डीकन, मंडळीचा कारभार बघणारे, पपांचे उजवे हात. ते उगाच फोन करणाऱ्यातले नाहीत. मला तिथेच कळलं. तरी ट्रेमधले सात नग राहिले होते, ते तपासले, त्यातला एक बाद केला, रजिस्टरवर सही केली आणि मग गेटवर गेले. हे ऐकून नंतर काही जणांना विचित्र वाटलं. मला वाटलं नाही. अर्धं काम टाकून उठलेलं पपांनाही आवडायचं नाही.

तो मंगळवार होता. आदल्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते... आणि मला जे लिहायचंय ते खरं तर त्या रविवारचंच आहे. ब्याऐंशी वय, थकलेलं हृदय, सुजलेले पाय. भिंतीला टेकून बसले होते. मी बशीत चहा ओतून पुढे धरला. बशीकडे न बघता ते म्हणाले, "प्रमी, त्या वर्षी दुसऱ्या कुणाची मुलगी असती ना, तर तिला मी घेतलं असतं." कुठलं वर्ष, कशात घेतलं असतं, हे विचारायची गरज नव्हती. पस्तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही दोघं या एका गोष्टीला वळसा घालूनच चालत आलो होतो. मी म्हणाले, "पपा, चहा गार होतोय." त्यांनी चहा घेतला. मी कपबशी विसळली, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या आणि सोमाटण्याला घरी आले. त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा विषय काढला होता आणि मी त्यावर चहाचं झाकण ठेवलं. आज दीड महिना झाला, ते झाकण माझ्या हातातून सुटत नाही.

आमची रीत माहीत नसणाऱ्यांसाठी सांगायला हवं. बाप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने कळत्या वयात तो स्वतःहून मागायचा, का मागतोय ते मंडळीच्या वडीलधाऱ्यांसमोर सांगायचं, त्यांना पटलं तर मग पूर्ण पाण्याखाली जायचं. दुसऱ्याने 'घे' म्हणायचं नाही. आईबापांनी तर नाहीच नाही. पपा या नियमाचे फार पक्के होते. पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरात जन्मलं म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही, हे ते लोकांना सांगायचे तेव्हा लोकांना ते वाक्य आवडायचं. पाळकाच्या घरात जन्मलेली मी समोरच्याच बाकावर बसलेली असायचे.

लोणावळ्याच्या लहानशा मंडळीचे ते तीस वर्षं पाळक होते, पण त्यांचा जीव अडकलेला होता रविवारच्या शाळेत. मुलांना धर्म शिकवणं हे मोठ्यांना उपदेश करण्यापेक्षा अवघड काम आहे, असं त्यांचं मत. ते धडे लिहायचे, सायक्लोस्टाइल करायचे, आणि मावळातल्या खेड्यांतून शिकवणाऱ्या बायामाणसांना शनिवारी एकत्र बसवून शिकवायचे. खांद्याला झोळी, काखेत फ्लॅनेलचा फळा. त्या फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्ट सांगायची. मेंढरं, होड्या, खजुराची झाडं कापायचं काम आईचं आणि माझं. एकदा कामशेतजवळ एका वाडीवर ते बायबलातला पेरणाऱ्याचा दाखला सांगत होते. बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं... मागे एक आबा ऐकत बसले होते. ते म्हणाले, "पाळक, तुमचा त्यो गडी अडानी हाय. दगडावर कोन बी टाकतं? आदी रोप टाकायचं, मग लावनी करायची." सगळे हसले. पपा हसले नाहीत, त्यांनी वही काढली. पुढच्या पावसाळ्यात ते त्याच आबांच्या खाचरात गुडघाभर चिखलात उतरून लावणी करून आले आणि अख्खा धडा पुन्हा लिहिला. भाताच्या गावात आधी भात शिकावं, असं मग प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगायचे. आई म्हणायची, "त्या आबांनी यांना शिकवलं ते पाळक घडवणाऱ्या सेमिनरीने नाही शिकवलं." त्या खाचराच्या चिखलाने त्यांची एकुलती एक बरी पँट वाया गेली होती, हेही ती लगेच जोडून सांगायची.

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा हौद नव्हता. दिवाळीनंतर पाणी निवळलं की मंडळी टेम्पो करून कामशेतच्या अलीकडे इंद्रायणीवर जायची. नदीला जायची वाट सगुणामावशींच्या शेतातून. भात कापून झालेलं असायचं, त्यामुळे त्यांची हरकत नसे, पण तोंड गप्प नसे. म्हशी धूत असताना त्या ओरडायच्या, "आवं पाळक, यंदा कितीजनांना बुडवताय?" पपा पाण्यातून म्हणायचे, "बुडवत नाही मावशी, वर काढतोय." "मग आमची म्हस बी काडा की, सकाळधरनं बसलीय!"

मी चौदा वर्षांची होते. रविवारच्या शाळेतल्या आमच्या वर्गातल्या पाच जणी त्या वर्षी बाप्तिस्मा घेणार होत्या, मीही नाव दिलं. पांढरा झगा पाण्यात वर तरंगू नये म्हणून त्याच्या घेराला वजन लावतात. आईने रेल्वेत काम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून वॉशर आणून माझ्या झग्याच्या काठात शिवले होते, आणि मी तो रात्रंदिवस घालून बघत होते. रविवारी उपासनेनंतर चार वडीलधारे आणि पपा बसले. आधी त्या पाच जणींतली माझी मैत्रीण मीना गेली. पपांनी विचारलं, तुला बाप्तिस्मा का हवाय? मीनाने धाडधाड उत्तर म्हटलं. ते उत्तर पपांच्याच धड्यातलं होतं, त्यांनीच लिहिलेलं, आम्ही दोघींनी मिळून पाठ केलेलं. पपांनी मान हलवली. मीना पास. मग मी. मला तेच उत्तर येत होतं. पण ज्याने लिहिलंय त्यालाच त्याची वाक्यं कशी म्हणून दाखवायची, असं मला वाटलं, म्हणून मी खरं ते सांगितलं. "सगळ्याच घेतायत. आणि आईने झगा शिवलाय." रणपिसे अंकल, त्या चौघांतले सगळ्यात तरुण, मोठ्याने हसले. पपा हसले नाहीत. म्हणाले, "प्रमिला, आपण थांबू या."

बाद केलेल्या नगावर आम्ही लाल खूण करतो. मला ती तेव्हा बसली. मीनाने पाठ केलेलं म्हटलं ती चालली, मी खरं बोलले ती चालले नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले, आई माझ्याजवळ राहिली. बाकीची मंडळी दुपारी टेम्पोने परतली. पपा आले नाहीत. ते संध्याकाळी बसने आले, ओले, थंडीने ओठ निळे पडलेले. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून मुद्दाम उशीर केला. त्या दिवशीपासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. आईने महिनाभराने झग्याचे वॉशर उसवून परत दिले आणि त्याच्या कापडाच्या उशांना खोळी केल्या. दुसऱ्या वर्षी पपांनी विचारलं नाही. विचारणार कसे? मागायचं तर माणसाने स्वतः, हा त्यांचाच नियम. आणि मी मागितलं नाही.

बाप्तिस्मा नाही म्हणजे प्रभुभोजनही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकांवरून फिरायचं, पपा स्वतः फिरवायचे, आणि माझ्यापाशी आलं की माझ्या पलीकडच्या माणसापुढे धरायचे. त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. मी चर्चला जाणं सोडलं नाही, हट्टाने गेले. लग्न सोमाटण्यातल्या बौद्ध घरात, रजिस्टर पद्धतीने केलं. तेव्हा मंडळीत कुजबुज झाली, पण पपा फुलं घेऊन आले. माझे सासरे म्हणाले, "पाळकसाहेब, काळजी करू नका. आमच्यात कोणी तिला धर्म बदल म्हणणार नाही." पपा म्हणाले, "तुम्ही बदला म्हणालात तरी काय होणार? मी बापासारखा बाप, माझ्याच्याने ती माझ्या धर्मात आली नाही." दोघं म्हातारे पोट धरून हसले. मी स्वयंपाकघरात होते. मला हसू आलं नाही.

दफनविधीला मावळातून बरीच माणसं आली. पपांनी तयार केलेल्या शिक्षिका, त्यांच्या हाताखाली शिकलेले दोन पाळक, आबांची नातवंडं. आणि नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून सगुणामावशी. आता पार वाकल्यात. माती देऊन झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तू पाळकाची पोरगी न्हवं? ती न आल्याली?"

मी म्हटलं, "हो, तीच."

"त्या दिशी तुजा बाप पान्यातनं भाईरच येईना बग. समदी कापडं बदलून टेम्पोत बसली, टेम्पो गेला बी. ह्यो आपला कमरंइतक्या पान्यात हुबा. मी म्हनलं, आवं पाळक, म्हस बी निगाली, तुमी कुनाची वाट बगताय? तर म्हनला, 'मावशी, माजी येक ऱ्हायलीय.' लय येळ हुबा व्हता. मग मीच घोंगडी दिली."

मी त्यांना चहा विचारला. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते मला टाळायला थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते. मी नदीवर गेले असते तर त्यांनी मला घेतलं असतं का? नसतं घेतलं बहुतेक. पण त्यांना घ्यायचं होतं... दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर घेतलंही असतं. पाळकाने आपल्या मुलीला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळं माप लावलं. हे कळायला मला एक मरण आणि एका म्हातारीची आठवण लागली.

गेल्या आठवड्यात रणपिसे अंकल सोमाटण्याला आले. खुर्चीच्या कडेवर बसले, दोन वेळा घसा साफ केला. "प्रमिला, मंडळीची इच्छा आहे. नव्या पाळकांशी मी बोललोय. तू आता बाप्तिस्मा घे. पपांच्या आठवणीसाठी घे. त्यांना किती बरं वाटेल."

"कोणाला? पपांना?"

"त्यांना, आम्हाला, सगळ्यांना. त्या दिवशी मी हसलो होतो गं. मला ते आजही टोचतं. तू हो म्हण, काही विचारणार नाही कोणी."

खरं सांगते, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मावशींचं बोलणं ऐकल्यापासून मी रोज त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडे चालत जात होते. एक शब्द बोलले असते तर त्यांची वाट बघणं संपलं असतं, निदान मला तसं वाटलं असतं. पण अंकलचं शेवटचं वाक्य अडलं. काही विचारणार नाही कोणी. म्हणजे चौदाव्या वर्षी आईने झगा शिवलाय म्हणून, आणि पन्नाशीत पपा गेले म्हणून. कारण बदललं, जात तीच. पपांनी हे उत्तर तेव्हा घेतलं नाही, आताही घेतलं नसतं. आणि या वेळी ते माझ्यासाठी वेगळं माप नसतं, हे उत्तर कुणाचंच चाललं नसतं.

"नको अंकल," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी नाही घेणार."

ते दुखावले. "मग मंडळीला काय सांगू? नाही म्हणाली म्हणून सांगू?"

"नाही म्हणाले नाही. का घ्यायचा याचा विचार करतेय म्हणून सांगा."

त्यांना ती पळवाट वाटली. मलाही बोलताना तसंच वाटलं होतं. ते गेल्यावर भांडी घासताना लक्षात आलं की ते खरं होतं. इतकी वर्षं मी फक्त रागावले होते. विचार आत्ता कुठे सुरू झालाय.

दर शनिवारी मी लोणावळ्याला जाऊन घर आवरते. पुस्तकं एका सेमिनरीला गेली, कपडे गेले, कॉट गेली. त्यांच्या खोलीत टेबल आहे आणि खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला ते समोर बसवत नसत, समोर बसवलं की कोर्ट होतं म्हणायचे. शेजारी बसायचे, दोघांनी मिळून खिडकीतून बाहेर बघायचं आणि बोलायचं. त्या दुसऱ्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. आता काम संपलं की बसते. त्या रविवारी चहावर ढकललेलं उत्तर मी तिथे मोठ्याने दिलं. म्हटलं, पपा, थांबवलंत ते बरोबर होतं. पण मीनालाही थांबवायला हवं होतं.

मग कुलूप लावून निघाले. टेबल-खुर्च्या न्यायला येणाऱ्या माणसाला मी पुढच्या शनिवारी ये म्हणून सांगितलंय. मागच्या शनिवारीही हेच सांगितलं होतं.