होतं म्हणजे वॉज

गोदामात त्याला सगळे घुम्या म्हणत. मालाच्या लिफ्टचं बटण दाबायचं, दार ओढायचं, यात बोलण्यासारखं असतं तरी काय? पण आयुष्यात एकदा तो वेळेवर बोलला होता. लिफ्टच्या तारेचे पदर सुटलेले दिसले, तेव्हा त्याने थेट सुपरवायझरला गाठून सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "बघू." त्याच आठवड्यात लिफ्ट कोसळली आणि खाली खोकी उचलणारा घुम्याचा मेव्हणा जागीच गेला.

आता सुपरवायझर कानांवर हात ठेवत होता. चौकशीचा साहेब परका, त्याला इंग्रजीशिवाय काही कळेना. आणि दुभाषा कोण, तर हाच सुपरवायझर! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

"तुम्हीच बोला," बायको म्हणाली. ती घुम्यापेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेली. भावासाठीचं रडू गिळून तिने नवऱ्याला एकच वाक्य शिकवलं. "सांगितलं म्हणजे टोल्ड. पण तुम्ही सांगितलं होतं ना? मग होतं म्हणजे वॉज. ते विसरलात तर आत्ताचं वाटेल. म्हणा, आय वॉज टोल्ड सुपरवायझर, वायर बॅड."

तो जेवताना म्हणाला, दाढी करताना म्हणाला.

"माझ्या धाकट्या भावासाठी एवढं कराच," ती म्हणाली.

घुम्या साहेबासमोर उभा राहिला. तो बोलला, अगदी शिकवल्याप्रमाणे. साहेबाने सुपरवायझरकडे बोट करून काहीतरी विचारलं. घुम्याने जोरजोरात मान हलवली. "यस सर! वॉज टोल्ड! वॉज टोल्ड!" सुपरवायझर आधी चपापला, मग त्याच्या तोंडावर रंग परतला. साहेबाने जबाब लिहिला, घुम्याने सही ठोकली. एवढं इंग्रजी आपल्या तोंडून निघालं यानेच त्याला भरून आलं होतं.

बाहेर कारकुनाने त्याला अडवलं. "अहो, असं कसं कबूल केलंत? सुपरवायझरने तुम्हाला सांगितलं होतं तार खराब आहे, तरी लिफ्ट चालवलीत?"

"मी त्याला सांगितलं होतं!"

"मग नुसतं आय टोल्ड म्हणायचं. झालेलं त्यातच आलं. वॉज कुणी घुसडायला सांगितलं?"

घुम्या उलट्या पावली धावला. त्याने साहेबाचे पाय धरले, स्वतःच्या छातीवर हात आपटला, सुपरवायझरकडे बोट दाखवलं. शब्द मात्र एकही सुचेना. सुपरवायझर साहेबाच्या कानाशी हळूच काही बोलला. साहेबाने कीव आल्यासारखी मान हलवली आणि फाइल मिटली.

जिन्याखाली बायको उभी होती. त्याचा चेहरा बघूनच तिचा धीर सुटला. "काय झालं? बोललात ना?"

नोकरी गेली होती, अब्रू गेली होती. खरं सांगितलं तर ही जन्मभर स्वतःला खात बसली असती.

"घाबरलो गं," तो म्हणाला. "वॉज म्हणायचं राहूनच गेलं."

ती मटकन पायरीवर बसली. "किती घोकून घेतलं होतं तुमच्याकडून! माझ्या भावासाठी एक शब्द लक्षात राहिला नाही हो तुमच्या?"