मिरजेचा सोमवार

सोमवारी पहाटे ठाण्याच्या स्टँडवर यजमान मला सोडायला आले ते तोंड पाडूनच. "कारखाना बंद दिसला तर तिथूनच फोन कर. मी दलालाला विकायला सांगतो," असं त्यांनी पुन्हा बजावलं आणि साताऱ्याची एसटी हलली.

प्रकरण असं होतं. टायपिंग शिकवण्याच्या नोकरीतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. पेन्शन नाही, हाती आली तेवढीच पुंजी. माझ्याकडे साताऱ्याच्या एका कंपनीचे थोडे शेअर होते. त्या कंपनीने मिरजेचा पंपांचा कारखाना वेगळा काढून त्याची निराळी कंपनी केली आणि भागधारकांना तिचे शेअर फुकट वाटले. फुकटची वस्तू म्हणून लोकांनी ते मिळेल त्या भावाला विकायला काढले. मी मात्र अहवाल वाचत बसले. कर्ज नाही, आणि बँकेतल्या ठेवी एवढ्या, की बाजारात अख्खी कंपनी त्याहून स्वस्तात मिळत होती. विकणं राहिलं बाजूला, माझी निम्मी पुंजी तिच्यात घालावी असं मला वाटू लागलं. यजमान हादरले. शेवटी, एकदा डोळ्यांनी बघून यायचं ठरलं.

साताऱ्याला मूळ कंपनीच्या कचेरीत शिरले. बाहेर कारंजं, आत गुबगुबीत खुर्च्या. तिथले गृहस्थ म्हणाले, "मिरजेचं ना? ते आता आमचं नाही." वेगळ्या झालेल्या धाकट्या जावेबद्दल थोरली जाऊ बोलते तोच सूर. मला रागच आला. कंदी पेढे घेऊन मी पुढची गाडी पकडली.

कराडला मिसळ खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचे आजोबा म्हणाले, "लय तिखट हाय व्हय? दही घ्या वरनं." दह्याने जीव वाचला. तिथून सांगलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत रिक्षाने सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. कारखान्याला कुलूप. आवाज नाही, माणूस नाही, फाटकाशी एक कुत्रं झोपलेलं. समोरच्या टपरीत चहाबरोबर फोनही होता. घरी लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज.

"हा कारखाना कधी बंद पडला हो?" मी टपरीवाल्याला विचारलं.

तो हसायलाच लागला. "आवं मावशी, बंद कुठला? आज सोमवार न्हवं का? लाईटीची सुट्टी हाय." (वीज पुरत नाही म्हणून इथे अख्ख्या वसाहतीला आठवड्यातून एक दिवस खाडा असतो.) "उद्या या. कानात बोटं घालाय लागतील."

मी फोन खाली ठेवला.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. लॉजवाल्याने वहीतून मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठल्या दवाखान्यात हाय?"

"अजून तपासायचाय," मी म्हणाले.

मंगळवारी फाटकाबाहेरूनच घरघर ऐकू आली. मी शेअरचा कागद दाखवला तसे फाटकाशी उभे असलेले तिथले पाटील मिस्त्री आत ओरडले, "आरं, मालकीणबाई आल्यात." सगळे हसले, मीही हसले. दहिवडीला जाणाऱ्या ट्रकमध्ये पंप चढत होते. मिस्त्रींनी कोपऱ्यातलं कोरं यंत्र दाखवलं. "आदी हितं कमवायचं आनि साताऱ्याच्या तोट्यात घालायचं, असं चाललं हुतं. वाटणीत आमाला माळ दिला म्हना. पन आता पिकंल ते हितंच ऱ्हातंय. हे त्यातनंच आलंय बगा."

अहवालात जे आकडे होते ते इथे तेलाच्या वासासकट उभे होते. मला फार बरं वाटलं. टपरीवरून फोन केला, तो लगेच लागला.

"विकू नका. मी म्हणाले होते तेवढे घ्या."

यजमानांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग, "तुझे पैसे आहेत, बाई."

लॉज सोडताना मालकाने विचारलं, "पेशंट कसा हाय?"

"ठणठणीत. घरचे उगीच घाबरले होते."

घरी आल्यावर भाव आणखी उतरला. यजमान रोज सकाळी पेपरातून तो वाचून दाखवायचे आणि मी रोज म्हणायचे, "असू दे, बाजाराचा सोमवार चाललाय." मला भीती वाटली नाही असं नाही. पण ती घरघर कानात होती.

मग एका सकाळी त्यांनी पेपर उघडला, भाव पाहिला आणि वाचून न दाखवताच घडी घातली. "काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. अजून सोमवारच आहे," ते म्हणाले. "मी म्हणतो, माझेही थोडे घालूया का?"