कबड्डीसाठी रोवणीचा गुत्ता

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी न विचारताही सांगते. लोकांना गर्व वाटत असेल तर वाटो. आहेच मला गर्व. आसगावच्या पुढच्या खेड्यातून रोज एसटीने तालुक्याच्या गावी जायचे, चार तास वर्गात बसायचे आणि सगळे घरी गेले की मैदानात कबड्डी खेळायचे. मी उजव्या कोपऱ्यावर असायची. घोटा धरला की सोडत नसे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जुलैच्या शेवटी खेळाच्या सरांनी आम्हा दहा पोरींना त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली कसली, जिन्याखालची जागा. एक जाळी, दोन चेंडू, चुना मारायचा डबा आणि सरांची खुर्ची. सर खुर्चीत बसले नाहीत, उभे राहूनच बोलले.

"पोरीहो, यंदा नागपूरच्या स्पर्धेले एकच संघ जाऊन राहिला. पोरांचा व्हॉलीबॉल."

आमची कॅप्टन माझ्यापेक्षा एक वर्ष मागे होती. तिच्या बाबांचं बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे तिला कोणाशीही बोलायची भीती नव्हती. ती म्हणाली, "आमी काय केलं सर?"

"तुमी काहीच नाही केलं. पैसा नाही हाय. एका वर्षापुरतं थांबा."

खरंच नव्हता. कॉलेज लहान. आमच्यातल्या बहुतेकींची फी शिष्यवृत्तीतून, म्हणजे सरकारकडून यायची, आणि ती जेव्हा यायची तेव्हा यायची. खेळाचा वाटा त्याच फीमधला. फी अडकली की खेळ अडकला. तासिकेवर शिकवणाऱ्या दोन सरांना तर दिवाळीपासून पगार नव्हता, आणि त्यातले एक आमच्या खेळाच्या सरांकडून एसटीच्या भाड्याला पैसे मागून नेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. राग तरी कोणावर करायचा?

पण भीती वाटली. कारण "एका वर्षापुरता" थांबवलेला संघ काय होतो हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या आधी मुलींचा खो-खो असाच एका वर्षापुरता थांबला होता. त्याचे दोन्ही खांब सायकल स्टँडच्या कुंपणात गाडलेले होते, आणि मी त्यातल्याच एकाला टेकून एसटीची वाट बघत असे. कबड्डीला तर खांबही नसतात. आमची काय खूण उरली असती?

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. गृहस्थ चांगले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवायला निघाले, मग थांबले. बहुतेक दहा कप मोजले असावेत. म्हणाले, "प्रवेशिकेवर मी सही करतो. प्रवेश फी कॉलेज भरेल. जाणं-येणं, राहणं, खाणं तुम्हाला पाहावं लागेल. जमेल?"

कॅप्टन म्हणाली, "जमन सर."

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "जमन म्हणजे कसं जमन वं?"

"मले काय माहीत? तोंडातून निघून गेलं."

दोन दिवस बाजारात फिरलो. एका भांड्यांच्या दुकानदाराने विचारलं, "कबड्डी? पोरी?" आणि गिऱ्हाईक आल्यासारखं करून आत निघून गेला. दुसऱ्याने निघायच्या दिवशी एक डझन केळी देतो म्हणून शब्द दिला. दिलीही, ते सांगायला पाहिजे. पण केळ्यांवर नागपूरला जाता येत नाही.

त्या वर्षी पाऊस उशिरा लागला होता आणि सगळ्यांची धानाची रोवणी एकदम आली होती. माझी आई रोवणीच्या बायांची टोळी घेऊन गुत्त्याने काम करायची. गुत्ता म्हणजे एवढे एकर रोवून द्यायचे, एवढे पैसे, किती दिवस लागतात ते तुमचं तुम्ही बघा. त्या आठवड्यात तिला बायाच मिळत नव्हत्या. संध्याकाळी पाय धुताना ती सहज बोलली, "पाच एकर पडली हाय त्या कापडवाल्याची. कोनी भेटून नाही राहिलं."

मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, एक पूर्ण दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. बांधीतून, म्हणजे धानाच्या चिखलातून निघायला म्हणून मी कॉलेजात गेले होते. आईनेच तिसऱ्या वर्गापासून मला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून हाकलून शाळेत घातलं होतं. आणि आता कॉलेजच्या नावानं मी पुन्हा त्याच चिखलात उतरू? तेही तालुक्याच्या गावातल्या पोरींना घेऊन, ज्यांच्यासमोर मी तीन वर्षं ताठ मानेने वागले?

दुसऱ्या दिवशी सरावाला सहाच जणी आल्या. चौघींनी धरून टाकलं होतं की संघ संपला. तेव्हा मी सांगून टाकलं.

कॅप्टनने लगेच विचारलं, "किती दिवसाचं काम हाय?"

"तुमच्या हातानं? सहा-सात."

"आन् पैसे?"

मी सांगितले. तिने आकाशाकडे बघून हिशेब केला आणि म्हणाली, "मंग कालच काहून नाही बोलली?"

शेतमालकाचं गावात कपड्याचं दुकान होतं. आम्ही दहा जणी पंजाबी ड्रेसवर, कमरेला ओढण्या बांधून धुऱ्यावर उभ्या राहिलो तेव्हा तो आईला म्हणाला, "मावशी, हे नखं रंगवलेले हात धानाचे परे लावतीन काय? का रोवणीच्या नावानं मले सिनेमा दाखोशीन?"

आई म्हणाली, "रोप उभं राहिलं नाही तर पैसे नका देऊ भाऊ. राहिलं तर एक रुपया कमी नका करू."

आईने आम्हाला एक गोष्ट आदल्या संध्याकाळीच सांगितली होती. रोज घरी गेल्यावर पाय कोरडे करा आणि बोटांच्या सांध्यांत मेंदी लावा. टोळीतल्या सगळ्या बाया लावतात. पोरी खदाखदा हसल्या. "मावशी, नागपूरले लगन लावाले जाऊन राहिलो काय?" एक म्हणाली, सासू कुठली पाहिली ते तरी सांगा. मीही हसले. मला तर ठाऊक होतं ती कशासाठी लावतात ते, लहानपणापासून आईचे तांबडे तळवे पाहिले होते. पण रोवणाऱ्या बायकांचे पाय घेऊन मला स्पर्धेला जायचं नव्हतं. बाकीच्या न कळून हसल्या, मी कळून हसले.

पहिल्या दिवशी आमची ओळ सापासारखी गेली. आई मागून येऊन अर्धी उपटून पुन्हा लावायची. तिसऱ्या दिवशी हात बसला. वाकून वाकून कमर अशी झाली होती की कॅप्टन म्हणाली, आता मला कोणी पकडलं तर मी सुटायची खटपटच करणार नाही, तिथेच झोपेन. चौथ्या दिवशी खेळाचे सर मोटारसायकलवरून आले. धुऱ्यावर उभे राहिले, काहीतरी बोलायला गेले आणि मग चपला काढून, पँट दुमडून परे वाहू लागले. आमच्याकडे रोवणं बायांचं, आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या पेंड्या बांधीत नेऊन टाकणं माणसांचं. तेवढं सरांना माहीत होतं. दोन तास पेंड्या टाकल्या आणि गेले.

सातव्या दिवशी दुपारी काम संपलं. मालकाने पूर्ण पैसे दिले, वर म्हणाला, पुढच्या साली पण या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला.

गाडीतच पायांची आग सुरू झाली. सात दिवस चिखलात भिजलेले पाय, आणि मेंदी कोणीही लावली नव्हती. बोटांच्या सांध्यांत पांढऱ्या भेगा, काहींच्या रक्ताळलेल्या. चिखल्या. दहापैकी आठ जणींना. एकमेकींना दाखवत होतो आणि कोणीच हसत नव्हतं. सरांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "मले सांगाचं न पोरीहो," म्हणाले. सांगून काय झालं असतं?

मैदान मुरमाचं होतं, अनवाणी खेळायचं. समोर नागपूरचं मोठं कॉलेज, सगळ्यांना एकसारखे ट्रॅकसूट, एक माणूस फक्त त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. सरांनी ओढणीच्या पट्ट्या फाडून आमच्या बोटांना बांधल्या. म्हणाले, "हजेरी लागली की झालं. नाव राहते संघाचं. उगाच जीव नका काढू."

आम्ही जीव काढला. चढाईला जाताना पहिलं पाऊल टाकलं की मुरूम भेगेत शिरायचा आणि "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता डोळ्यांत पाणी यायचं. मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. दोन गुणांनी! त्यांची एक मुलगी पाणी पिताना आमच्या पट्ट्यांकडे बघत आली आणि तिने विचारलं, "पैरों को क्या हुआ?" कॅप्टन म्हणाली, "मेहनत." शेवटी पाय उचलेनात. चार गुणांनी हरलो. सात दिवस बांधी आणि अर्धा-पाऊण तास मैदान. संध्याकाळच्या गाडीत केळी खाल्ली आणि सगळ्या झोपल्या.

पण संघ वाचला. तेवढ्यासाठीच गेलो होतो. मी त्या वर्षी पास झाले, गावात पेढे वाटले, आणि आपण काहीतरी करून आलो असं मानून बसले.

पुढच्या जुलैत कॅप्टन आमच्या घरी आली. सूचना फलकावरचा कागद तिने वहीत उतरवून आणला होता. मुलांचा व्हॉलीबॉल: खर्च महाविद्यालयाकडून. मुलींची कबड्डी: खर्च स्वतः, मागील वर्षीप्रमाणे.

"मागील वर्षीप्रमाणे," ती पुन्हा वाचून म्हणाली. "ताई, आपूनच करून ठेवलं हे."

खरं होतं. आम्ही संघ वाचवला तो असा की कॉलेजला त्याचा भार घ्यायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत प्राचार्यांकडे गेले. आता मी विद्यार्थिनी नव्हते, पदवीधर होते, त्यामुळे न सांगता खुर्चीवर बसले.

ते म्हणाले, "तुम्हीच तर दाखवून दिलं न बाई, की जमते. मी वरिष्ठांना तुमचं उदाहरण देतो." कौतुकानेच म्हणाले. त्यांच्या टेबलावर शिष्यवृत्तीच्या यादीचा गठ्ठा तसाच होता, नुसता अजून उंच झालेला.

मी म्हटलं, "सर, पैसा नाही हे मला मान्य आहे. पण नाही तर दोघांना नाही. आहे तेवढा अर्धा अर्धा द्या. उरलेला दोन्ही संघ मिळून कमावतील."

"पोरं रोवणी करतील?"

"रोवणार नाहीत. पेंड्या वाहतील. सरांनी वाहिल्या."

त्यांनी शिष्यवृत्तीचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग त्यांनी व्हॉलीबॉलच्या कॅप्टनला बोलावणं पाठवलं.

बारापैकी सातच पोरं बांधीवर आली, हेही सांगते. पहिल्याच दिवशी त्यांनी विषय काढला की माणसाची रोजी बाईपेक्षा जास्त असते, तर आमचा वाटा जास्त. कॅप्टन बांधीतूनच ओरडली, "गुत्ता हाय हा, रोजी नाही. जास्त पायजे तर इकडं ये आन् वाकून दाखव!" टोळीतल्या बाया इतक्या हसल्या की त्यांच्या कॅप्टनने दोन्ही हातांत चार-चार पेंड्या घेतल्या आणि गुपचूप आत शिरला. तिसऱ्या पावलाला घसरून बसला. व्हॉलीबॉलवाला, सहा फूट उंच, छातीपर्यंत चिखल. मी धुऱ्यावर उभी होते. पाच पोरं अजून आली नव्हती आणि कॉलेजकडचा अर्धा वाटाही अजून हाती पडला नव्हता.

"उठ न बे," कॅप्टन त्याला म्हणाली, "परे सुकून राहिले."