खांद्यातलं हसू

आमचे सर गेले, तेव्हा शोकसभेत त्यांच्या फोटोला हार घातला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "हारानं हनुवटी कापली की!" सगळी रांग खुदकन हसली. सर असते तर त्यांनी त्या माणसाला बाहेर नेऊन चहा पाजला असता.

सर नाशिकच्या एका साप्ताहिकात फोटोग्राफीवर लिहायचे. गंमत अशी, की त्या लेखांत फोटोच नसायचे. नव्वदच्या दशकात त्या साप्ताहिकाची छपाई इतकी दिव्य होती, की मंत्री कोणता आणि हार कोणता, हे खालच्या ओळीवरून ताडावं लागे. म्हणून सर फोटो शब्दांतच दाखवायचे. वाचक आपापले फोटो पाठवत, सर त्यातला एक निवडत, आणि तो न पाहताच आम्ही आठवडाभर त्याच्याबद्दल बोलत असू.

एकदा त्यांनी माझा फोटो निवडला. मी तेव्हा कॉलेजात होते, कॅमेरा मामाकडून मागून आणलेला. फोटोत अण्णा, म्हणजे माझे वडील, डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन आमच्या मळ्याच्या बांधावर उभे होते. सरांनी लिहिलं, की हा माणूस हसू दाबतोय. पण दाबलेलं हसू कुठून तरी बाहेर पडतंच, याचं खांद्यातून पडलंय. अण्णांना ते कधी भेटलेही नव्हते.

झालं! अण्णांचे पाय जमिनीवर राहीनात. फुलबाजारात गिऱ्हाइकाला झेंडूच्या आधी लेख दाखवायचे. "आपला फोटो लय भारी आलाय," असं सांगायचे. स्वतः मात्र त्यांनी तो पाहिलाच नव्हता. एकच प्रत होती, ती मीही न बघता स्टुडिओतूनच परस्पर सरांकडे गेलेली; निगेटिव्ह आमच्या घरच्या ओलीत खराब झालेली. मागायची छाती कुणाची होती? "राहू दे त्यांच्याकडं," अण्णा म्हणायचे, "आपल्या घरापेक्षा तिथं मान हाय."

सर गेल्यावर त्यांच्या मुलीने लेखांचं पुस्तक करायचं ठरवलं, आणि आता छपाई सुधारली होती म्हणून फोटोंसकट. हे कळल्याबरोबर अण्णा दाढी करून बसले, जणू पुस्तक संध्याकाळीच येणार होतं. पुस्तकात आपला चेहरा बघायचा, एवढी एकच हौस त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवली होती.

सरांच्या मुलीने कपाटातून फोटो काढून माझ्या हातात दिला आणि मी तो उजेडात धरला. भर दुपारचं ऊन, वर पाटी. तिच्या सावलीत अण्णांचा चेहरा काळाकुट्ट. नाक-डोळ्यांचा पत्ता नाही. सरांनी या चुकीबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता.

घरी येऊन फोटो अण्णांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "ह्यो मी? ह्यो कुणीबी असंल." रात्री जेवलेही कमीच. मला फार वाईट वाटलं.

सकाळी बघते तर स्वारी डोक्यावर पाटी घेऊन बांधावर हजर! "नवा काढ. सरांनी लिवलाय तसा."

मी कॅमेरा लावला. अण्णा मतदान ओळखपत्राला उभे राहावेत तसे उभे. "हसा," म्हटलं तर सगळे दात दाखवले. रीळ संपत आलं. एवढ्यात आई दारातून ओरडली, "म्हातारपणी नवरदेव व्हायचं खूळ लागलंय जणू!" अण्णांनी ओठ घट्ट मिटले, आणि त्यांचा उजवा खांदा हळूच कानाकडे उचलला गेला.

मी बटण दाबायचं विसरले. धावत जाऊन जुना फोटो आणला. तोच खांदा, तसाच. या माणसाच्या घरात मी लहानाची मोठी झाले, आणि हे मला सरांनी दाखवावं लागलं! सर गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तिथे बांधावर आलं.

अण्णा घाबरून पाटी उतरवून आले. मी फोटोतला काळा चेहरा अंगठ्याने झाकला आणि म्हटलं, "आता बघा."

अण्णांच्या आधी आईच वाकली. "अगं बाई, हे तर ह्येच हायेत की!"

अण्णांनी फोटो हातात घेतला आणि काळ्या चेहऱ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला.

"हाच दे पुस्तकाला," ते म्हणाले.