कुत्र्याच्या गळ्यातला तिचा नंबर

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्यामागं घरात जितंजागतं असं एकच राहिलं, तिचा कुत्रा. तो माझा कधीच नव्हता. डेअरीवर दूध घालायला गेली तेव्हा मागच्या उकिरड्यावर सापडलेलं पिल्लू तिनं पदरात घालून आणलं, तेव्हापासून तो तिच्यामागं. मी हाक मारली तर आधी तिच्याकडं बघायचा, जाऊ का म्हणून. ती गेली तसा महिनाभर दाराकडं तोंड करून पडून राहिला. मग एक दिवस उठून माझ्या पायाशी येऊन बसला. त्या दिवसापासून मला भ्या बसलं. एकच उरलंय म्हटल्यावर माणूस भितो. दोन असती तर एवढा भ्यालो नसतो.

आमची वस्ती निमगाव केतकीपासून आत, चहूबाजूंनी ऊस. त्या उसात बिबट्या आला. पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री त्यानं नेली, एकाची नुसती साखळी राहिली. तशात माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन बारामतीला, मग महिनाभर तिथंच पोरीकडं राहायचं ठरलं. कुत्र्याला वस्तीवर ठेवायची सोय नव्हती. शहरात न्यावं तर त्यानं शहर बघितलेलं नाही. एकदा दाराबाहेर पडला तर कुठं जाईल, कोण उचलून नेईल, कुठल्या गाडीखाली येईल, हे इचार सुरू झाले ते बंद होईनात.

पोरगी म्हणाली, गळ्यात बिल्ला घालू, त्यावर फोन नंबर. शिवाय कातडीखाली चिप बसवू, आता बसवतात. शेजारच्या वस्तीवरच्या तात्याला हे कळल्यावर तो हसला.

"आबा, बिबट्याला नंबर वाचता येत न्हाय. खिळ्याचा पट्टा घाला गळ्यात."

त्याचंही खोटं नव्हतं. पण मी बिचकलो तो बिल्ला या शब्दाला. का ते कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो.

आमच्या गाईच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला होता, त्यावर नंबर. गाय विषबाधेनं गेली. विम्याच्या माणसानं सांगितलं, बिल्ल्यासकट कान कापून आणा, नाहीतर गाय गेली हे आम्ही कसं मानायचं. मी विळ्यानं कान कापला. हातानं दूध काढलेली गाय. बायको त्या दिवशी जेवली नाही अन् मला वाढलंही नाही. पुढं ती स्वतः दवाखान्यात पडली तेव्हा तिच्या मनगटाला नंबराची पट्टी होती. ती गेल्यावर खाली आणली तेव्हा वॉर्डातल्या माणसानं आधी पट्टी वाचली अन् मग माझ्याकडं बघून विचारलं, ह्याच का. ती पट्टी मी दातानं तोडली. नंबर लावून तिला पाठवायची नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात हे असं बसलेलं, की ज्याला नंबर लागला ते जातं, अन् मागं नंबर तेवढा राहतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोरीनं बारामतीत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी. सुई मात्र बैलाला टोचावी तशी जाड. मी विचारलं, मग मोबाईलवर दिसतं का, कुत्रं कुठं हाय ते? माझा सगळा जीव त्याच एका गोष्टीत होता.

बाई म्हणाल्या, नाही. चिप आपणहून काही सांगत नाही. हरवलेलं कुत्रं कुणीतरी डॉक्टरकडं आणायला पाहिजे, डॉक्टरकडं मशीन पाहिजे, ते पाठीवरून फिरवलं की नंबर दिसतो अन् नंबरावरून मालक. बिल्ला कुणालाही वाचता येतो, रस्त्यावरच्या माणसालाही, पण तो निसटतो. चिप निसटत नाही. म्हणून दोन्ही करा. अन् फोन नंबर असा द्या जो कायम उचलला जातो.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

पण माझ्या डोळ्यापुढं दुसरंच आलं. कुत्रं रस्त्याकडंला पालथं पडलंय अन् कुणीतरी मशीन फिरवतंय, ह्याच का म्हणून विचारतंय. मी म्हणालो, दाणा नको. पोरगी समजावून थकली. शेवटी चिडून म्हणाली, आईचा कुत्रा हाय, तुमच्या एकट्याचा न्हाय. तरी मी हललो नाही. बिल्ल्याला तेवढा हो म्हणालो, तोही तिच्या तोंडाकडं बघून.

मग बिल्ला कसला घ्यायचा. पोरीनं मोबाईलवर हाडकाच्या आकाराचे, लाल-निळे दाखवले. मी म्हटलं, असली खेळणी उसाच्या पाचटात दोन दिवस टिकायची नाहीत. प्लास्टिक नको, पत्रा नको. भांड्याच्या दुकानात नावं घालणारा असतो, त्याच्याकडून जाड स्टीलच्या चकतीवर घालून घेऊ. आमच्या घरातली सगळी भांडी तशीच नावं घातलेली, तांब्यापासून परातीपर्यंत, अन् नाव सगळ्यांवर बायकोचं.

पोरगी भाजी घ्यायला गेली अन् मी दुकानात बसलो. नावं घालणाऱ्यानं चकती मशीनखाली धरली, म्हणाला, बोला. मी नंबर बोललो. न थांबता, एका दमात. त्याची मशीन टर्रर्र करत गेली. मला तर अभिमान वाटला, की नंबर पाठ आहे.

घरी पोरीनं चकती हातात घेतली अन् बसली खाली.

"आबा, हा आईचा नंबर हाय."

पाठ होता तो तोच. मला दुसरा येतच नव्हता. बाजारात, एसटी स्टँडवर मी चुकायचो म्हणून बायकोनं माझ्याकडून तो घोकून घेतला होता, पाढ्यासारखा. हरवला तर हा सांगा, मी येते, असं म्हणायची. डेअरीत, गॅसला, सगळीकडं तिचाच दिलेला. माझा नंबर मी कशाला पाठ करू, मी मला फोन करत नाही. आता तिचा फोन निमगावला कपाटात, लुगड्यांखाली. वर्षश्राद्धानंतर मी त्यात रिचार्ज मारला नव्हता.

स्टीलवरचं पुसत नाही. ऑपरेशन झाल्यावर दुसरा करू, असं म्हणालो. तोवर गळ्यात राहू दे. काहीच नसण्यापेक्षा बरा.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी डोळ्यावर पट्टी असताना मी अंगणात आलो. फाटकाची कडी मीच काढली अन् मीच नीट लावली नाही. कुठल्यातरी निवडणुकीचा निकाल लागला होता. गुलालाची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली अन् फटाक्यांची माळ लागली. कुत्रा माझ्या पायातनं गेला. मला नुसती एक सावली गेल्यासारखी दिसली. मी ओरडलो तेही फटाक्यांत बुडालं.

संध्याकाळपर्यंत जावई मोटरसायकलवर फिरला. आमचा सगळ्यांचा एकच हिशोब, की जनावर घराकडं पळणार. म्हणून इंदापूरच्या बाजूचा रस्ता धरला. दुसऱ्या दिवशीही तोच रस्ता. काही नाही. पोरगी सारखी तिच्या आईचा नंबर लावून बघत होती अन् बंदच लागत होता. मोबाईलच्या दुकानात कळलं की फार दिवस असाच राहिला तर नंबर दुसऱ्या कुणाला देतात. मला धडकीच भरली. कुणीतरी माझ्या कुत्र्यासाठी फोन लावायचा अन् तिच्या नंबरवर परका माणूस बोलायचा. अजून दिलेला नव्हता. पोरीनं तिथंच रिचार्ज मारला. पण फोन निमगावला. तिसऱ्या दिवशी मी उठलो अन् एसटीत बसलो. पोरगी नको म्हणत होती, डोळ्याला धूळ जाईल म्हणत होती.

खिडकीशी बसून चांगल्या डोळ्यानं मी सगळा रस्ता रस्त्याची कड बघत गेलो. जितं कुत्रं शोधत होतो असं म्हणायला मला आवडेल. मी मेलेलं शोधत होतो. एका वळणावर दिसलंच, तांबूस, पाय ताठलेले. मी कंडक्टरला म्हणालो थांबवा. तो म्हणाला इथं थांबा नाही. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं घंटी मारली. मी उतरून उलटा चालत गेलो.  गळ्याशी बसलो अन् बोटांनी केसांत चाचपलं. पट्टा नव्हता, चकती नव्हती. शेपटीही आमच्या कुत्र्यासारखी पांढऱ्या टोकाची नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

मला हायसं वाटलं, एवढं की रडू आलं. अन् लगेच लाजही वाटली, कारण त्यालाही कुणीतरी शोधत असेल. त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. त्याच्या माणसाला हे कधीच कळणार नाही. तो फाटक उघडं ठेवून वाटच बघत बसणार. नंबराला मी इतकी वर्षं भ्यालो, पण बिननंबराचं हे त्याहून वाईट आहे, हे तिथं मातीत बसून मला कळलं.

घरी गेलो. लुगड्यांखालून फोन काढला. तो चालूच होईना, तात्याकडून चार्जर आणला. तासाभरानं उजेड आला. मी तो मांडीवर घेऊन ओसरीत बसलो. चहा नाही, काही नाही. वाजेना तेव्हा भ्या वाटत होतं अन् वाजला तेव्हा जास्त वाटलं. तिच्या फोनचा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. पहिला फोन कंपनीचा. दुसरा एका कासारणीचा, दर सणाला फोन करून यायची अन् तिच्या हातात बांगड्या भरायची ती. तिला काही माहीत नव्हतं. काय वो वैनी, किती दिस फोन बंद, असं म्हणाली. मी सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हटलं बाई, नंतर रडा, फोन मोकळा पाहिजे. असं बोलायला नको होतं. पण बोललो.

तिसरा दिवस मावळायच्या आत तो फोन आला.

"पणदऱ्यातनं बोलतोय. कुत्रं तुमचंय का?"

मी हो म्हणालो का नाही ते आठवत नाही.

"परवापासनं लावतोय. बंद, बंद, बंद. मला वाटलं म्हातारं झालं म्हणून मालकानंच आणून सोडलं. सोडतात वो लोक."

"सोडलं न्हाय."

"मग फोन का बंद ठेवला?"

"जिचा हाय ती वारली."

 तो म्हणाला, गोठ्यात हाय. गाईंच्या मधी बसतंय, भाकरी खातंय. पायाला लागलंय. या न्यायला. मी विचारलं जितं हाय ना. तो म्हणाला, आबा, आत्ताच तर सांगितलं, भाकरी खातंय.

पणदरे म्हणजे बारामतीच्या दुसऱ्या अंगाला. आम्ही तीन दिवस उगवतीकडं शोधलं अन् तो मावळतीकडं गेलेला. घराकडं नाही, नुसता आवाजापासून लांब. जावयाबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचलो. मला बघून तो उठला नाही, पाय सुजलेला. शेपटी मात्र शेणात आपटत राहिला. मी गळ्याशी हात घातला. चकती होती, पण तिची कडी घासून उघडली होती, एका टोकावर लोंबत होती. अजून एक ओढ बसली असती तर पडली असती, उसात नाहीतर गटारात.  हे सगळं त्या एवढ्याशा कडीवर होतं.

तिथनं वस्तीवर न जाता सरळ डॉक्टरीणबाईंकडं गेलो. पोरगीही आली. पाय धुऊन, पट्टी बांधून झाल्यावर मी म्हणालो, दाणा घाला.

बाईंनी आधीच्याबद्दल काही बोलून दाखवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. फॉर्म पुढं घेतला, मालकाचा नंबर विचारला.  पोरीनं माझा सांगायला सुरुवात केली तशी मी तिला थांबवलं.

"आधी पोरीचा लिहा. खाली माझा."

पोरगी म्हणाली, आबा, कुत्रा तुमच्याजवळ राहणार.

"राहंल की. पण कायम उचलला जाणारा नंबर द्या म्हणाल्या व्हत्या बाई."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंनी मान खाली घालून तसंच लिहिलं. सुई घातली तेव्हा कुत्रा एकदा कण्हला अन् मी घामानं भिजलो. बाईंनी मशीन पाठीवरून फिरवलं, ते बारीक वाजलं, नंबर उमटला. मी म्हटलं परत फिरवा. त्यांनी फिरवलं. आला. मी म्हटलं त्या अंगानं फिरवून बघा, कुणी उलटं धरलं तर. त्यांनी तसंही फिरवलं.

"आबा, आता बास," पोरगी म्हणाली.

मी म्हटलं, अजून एकदाच.