मला न दिसलेला प्रकाश

फुलचूरच्या आमच्या विद्यापीठाला दोन खोल्या, एक पडवी आणि वर कवेलू एवढंच होतं. पाटीवर मात्र 'विद्यापीठ' हा शब्द इतका मोठा रंगवला होता, की गोंदियाहून येणारा माणूस इमारत शोधत पुढे निघून जायचा. नागपूरच्या दीक्षेला दोन वर्षं झाली होती. आमच्या वस्त्यांनी बांबू, माती, कवेलू गोळा करून हे उभं केलं होतं, म्हणून त्याला कोणी हसलं की मला राग यायचा. मनातून मीही हसायचो, ही गोष्ट वेगळी.

आम्ही नऊ विद्यार्थी होतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि दुपारी बारानंतर अन्न बंद. सकाळी पाली, दुपारी पाली, संध्याकाळी पाठांतर. शिकवायला ब्रह्मदेशातले एक वृद्ध भंते आले होते. भिक्षूंनी पावसाळाभर एका जागी राहायचं असतं, तो वर्षावास त्यांनी आमच्याकडे करायचं ठरवलं होतं. जाताना ते नऊ जणांतून एकाला निवडणार होते. त्या एकाला रंगूनकडच्या मोठ्या मठात पाच वर्षं शिकायला मिळणार होतं. तिथे हजारभर विद्यार्थी आहेत, आणि पोथ्यांची कपाटं इतकी उंच की शिडी लावावी लागते, असं आम्ही ऐकलं होतं.

ती जागा मला हवी होती. नुसती आवडली असती असं नव्हे, मला हवीच होती. आमगावकडच्या शाळेत संस्कृतच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचो. शिक्षक मला हाकलत नसत, प्रश्नही विचारत नसत. सगळ्या वर्गाचं पाठांतर घेऊन झालं की माझ्याआधी तास संपायचा. मला सगळं पाठ असायचं आणि ते घशातच राहायचं. पाली हाती आली तेव्हा मी आधाशासारखा तुटून पडलो. दीड महिन्यात नवांमध्ये माझ्या पुढे कोणी राहिलं नाही. शिडीवर चढून पोथी काढणारा मी मला रोज दिसायचा.

वर्षावास संपायला चाळीस दिवस उरले तेव्हा भंतेंनी पुस्तकं बंद करायला लावली. आता फक्त साधना, म्हणाले. एक तास बसायचं, एक तास सावकाश चालायचं, पुन्हा बसायचं, असं पहाटेपासून झोपेपर्यंत. बोलायचं नाही, वाचायचं नाही. पोट वर आलं की 'वर', खाली गेलं की 'खाली', असं मनात म्हणत राहायचं. दुखलं तर 'दुखतंय, दुखतंय' म्हणायचं आणि हलायचं नाही.

मी शेतकऱ्याचा पोरगा. रोवणीला दिवसभर चिखलात वाकून राहायची माझी सवय. वाटलं, बसण्यात काय मोठंसं? दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले. पाचव्या दिवशी कंबर. डास चावला तर मारायचा नाही, त्याचंही नाव घ्यायचं, 'चावतोय, चावतोय.' मी चावतोय म्हणायचो आणि डोक्यात त्या डासाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. मागच्या बोडीच्या तळ्यापलीकडे बांधीतल्या खाचरात धान निसवत होता, त्याचा वास यायचा, आणि मी पोटाकडे लक्ष द्यायच्या ऐवजी बापाने बांधीचं पाणी सोडलं असेल का याचा विचार करत बसायचो.

रोज दुपारी एकेकाला भंतेंपुढे जाऊन काय अनुभवलं ते सांगावं लागे. भंतेंना मराठी येत नसे, हिंदीही नाही. मध्ये दुभाषी म्हणून एक मास्तर बसायचे. ते शहरातल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. लढाईच्या काळात ते फौजेत कारकून होते आणि ब्रह्मदेशात राहून आले होते. ते थोडं बर्मी, थोडं इंग्रजी असं मिसळून भंतेंशी बोलायचे. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यातलं काही कळायचं नाही. भंते ऐकायचे आणि एका वहीत लिहून घ्यायचे.

माझा हिशेब रोज एकच. "पाय दुखतात. मन लागत नाही. दुसरं काही नाही." मास्तर ते भंतेंना सांगायचे, आणि का कोण जाणे, माझी दोन वाक्यं सांगायला त्यांना बराच वेळ लागायचा. भंते डोळे मिटून ऐकायचे, मान डोलवायचे, आणि मला आदल्या दिवसापेक्षा कठीण काम द्यायचे. दहाव्या दिवशी माझी बैठक दीड तासाची झाली. पंधराव्या दिवशी दोन तासांची. मग मला इतरांपासून वेगळं, कोपऱ्यात बसवलं. विसाव्या दिवशी झोप चार तासांवर आली. पाय दुखतात म्हणणाऱ्याला कोणी दोन तास बसवतं का? मला वाटायचं, म्हातारा माझ्यावर खार खाऊन आहे. पाठांतरात मी भराभर पुढे जायचो तेव्हा तो हाताने 'हळू, हळू' अशी खूण करायचा, त्याचाच हा सूड असणार.

माझ्यानंतर आत जायचा तो सालेकशाकडच्या जंगलातला पोरगा. तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरातला, वाचायला अडखळणारा. पालीत तो नवांत शेवटचा होता. पण बसला की धोंड्यासारखा बसायचा. तो आत गेला की लगेच बाहेर यायचा. "श्वास आला, गेला. बाकी काई नाही," एवढंच तो सांगायचा, आणि मास्तर तेवढंच पुढे सरकवायचे. त्याला कधी कोपरा मिळाला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा.

वस्त्यांनी जेवण पाळीपाळीने आणायचं ठरलं होतं. आमच्या गावाची पाळी आली तेव्हा माझी माय आमगावहून गाडीने भात आणि लाखोळीचं वरण घेऊन आली. मला बोलायची बंदी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मास्तरांना विचारलं, "हा असा वाळून काऊन गेला जी?"

"तुमचा पोरगा लई पुढं गेला बाई," मास्तर म्हणाले. "साऱ्यांत पुढं. तोच जाईल."

मायने पदर डोळ्यांना लावला. गावात जाऊन ती काय सांगणार हे मला कळत होतं. मी पानावर भात ओढत बसलो आणि मास्तर तिला खोटा धीर का देतायत याचं कोडं सोडवत राहिलो.

एकोणतिसाव्या दिवशी ते सुटलं. त्या दुपारी भंते खुशीत होते. मास्तरांकडे न बघता ते थेट माझ्याशी बोलले, लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक इंग्रजी शब्द सुटा करून. कपाळाजवळ हात नेला. "लाइट," म्हणाले. "स्टिल देअर?" मग स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "पेन, नो? बॉडी, नो?"

एवढं इंग्रजी मला येत होतं. कसला प्रकाश? कुठे गेलं शरीर? माझं शरीर तर इथेच होतं आणि कमरेपासून खाली आगीत होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हो म्हन," ते हळूच मराठीत म्हणाले. "मान हलव."

मी मान हलवली.

नंतर बोडीकाठी मी त्यांना गाठलं. बोलायची बंदी होती, ती मी मोडली. "मास्तर, तुम्ही इतके दिवस काय सांगून राहिले त्याईले?"

"जे सांगाले पायजे ते सांगून राहिलो," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "तुले पाय दुखून राहिले, हे सांगू? मंग जागा कोनाले भेटंल? पालीत तुज्यावानी कोनी नाही. बसन्यात तू कच्चा. तेवढी कसर मी भरून काढली. आपल्या इकडचा एक तरी पोरगा तिकडं जाऊन पोथ्या शिकून आला पायजे. मी गेलो असतो. माजं वय गेलं, लेकरं झाली. अन् तू गुडघ्यासाठी बोंबलून राहिला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा संताप आला, आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही वाटेना. म्हणजे हा एवढा छळ त्या म्हाताऱ्याने सूड म्हणून केला नव्हता. मी फार वर पोचलोय असं समजून तो मला आणखी वरच्या पायऱ्या दाखवत होता. आणि मी पहिल्याच पायरीवर पाय धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो, म्हणालो, "पाय दुखतात." मास्तरांनी सांगायचं ते सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. भंतेंची वही भरत होती, आणि कोपऱ्यात बसून मी शिडी, कपाट, पोथी बघत होतो. मला लाज वाटत होती. पण जागा लाजेपेक्षा मोठी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चाळिसाव्या दिवशी शेवटची भेट. पडवीत नऊ जण रांगेने बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भंतेंची कलकत्त्याची गाडी होती. मी आत गेलो. भंते बराच वेळ बोलले, हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मास्तर ऐकता ऐकता पांढरे पडत गेले.

"तुजी निवड झाली," ते म्हणाले. "पन ते म्हनतात, तिकडं दोन वाटा आहेत. एक पोथ्यांची, एक साधनेची. पोथ्या कोनीबी शिकते. तुज्यासारखा बसनारा शंभरात एक. तुले साधनेच्या वाटेनं ठेवतीन. रानात एकट्याची कुटी. पाच वर्षं. पुस्तकं बंद."

पाच वर्षं. हेच गुडघे. 'वर, खाली, वर, खाली.' माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी थेट भंतेंना इंग्रजीत म्हणालो, "नो लाइट. ऑल डेज, नो लाइट. ओन्ली लेग पेन."

भंतेंचा ऐकल्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. ते आणखी एकदा रंगवून सांगू शकले असते, आणि मी काय करणार होतो? पण बहुतेक त्यांचंही बळ संपलं होतं. त्यांनी खाली बघून चार-पाच शब्दांत सांगितलं. माझ्यासाठी ते इतकं थोडं कधीच बोलले नव्हते.

भंतेंनी वही उघडली. पानं मागे मागे उलटत पहिल्या दिवसापर्यंत गेले. त्यांनी काहीतरी विचारलं, मास्तरांनी मान हलवली. मग भंतेंनी वही मिटली आणि शांतपणे दोन वाक्यं बोलले. मास्तरांनी ती मला सांगितली. "ते म्हनतात, नऊ जनाईचं सारं माज्याच तोंडून ऐकलं. चाळीस दिवस कोनाचं ऐकलं, हे त्याईले आता समजत नाही."

भेटी तिथेच थांबल्या. त्या वर्षी कोणाचीच निवड झाली नाही. भंतेंनी कोणावर आवाज चढवला नाही, त्यांनी आपलं भिक्षापात्र पुसून झोळीत ठेवलं. मास्तर सायकल न घेताच पायी शहराकडे गेले. पुढे ते मला रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूला जायचे. मायला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. विहारात मात्र काही लोक, पोराने खरं बोलून जागा सोडली, असं कौतुकाने सांगायचे. मी ते कधी खोडून काढलं नाही.

सामान आवरताना तो सालेकशाचा पोरगा माझ्याजवळ आला. पडवीतून त्याने सगळं ऐकलं होतं.

"मास्तर खोटा सांगते, हे तुले कवा समजला होता?" त्याने विचारलं.

"अकरा दिवस झाले," मी म्हणालो.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलास?"

मी वळकटी बांधत राहिलो. उत्तर सोपं होतं. जागा पोथ्यांची आहे असं वाटत होतं तोवर मला ते खोटं चालत होतं. बसायची निघाली तेव्हा चालेना. खऱ्याखोट्याचा त्यात काही संबंध नव्हता.

तो रागावलेला दिसत नव्हता, ते मला जास्त लागलं. "तुज्यामागं माजा नंबर होता," तो म्हणाला. "काल मले काईतरी झाला गा, बसल्या बसल्या. इतक्या दिवसांत पयल्यांदा. बरा होता का वाईट, काई समजला नाही. आज त्याईले इचारनार होतो. आता कोनाले इचारू?"

काय झालं होतं, हे त्याला विचारायला मला तोंड नव्हतं.