लोहाच्या नावाखाली चुना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ज्यांच्याबरोबर चौकाचौकांत पत्रकं वाटली, त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, पण तुम्ही माझ्याशी चांगलं वागावं म्हणून नाही. तुमच्यातल्याच काहींनी ते पत्रक वाचून माझी पाठ थोपटली होती — तो हात आधी काढून घ्या.

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील वाळूजच्या एका कारखान्यात, युनियनमध्ये. मी अक्षरं शिकले ती जाड ठशातल्या मथळ्यांवर. त्यातून एक सवय लागली — काही बिघडलं की पहिल्यांदा गुन्हेगार शोधायचा. तो नेहमी कुठल्यातरी गल्ल्यावर बसलेला असतो. आपल्या घरात तो कशाला असेल?

हर्सूलला माझी मावशी राहते. पाळीत तिचं फार रक्त जायचं. पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं, पण अंगात रक्त भरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हत्या. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मावशीनं घराजवळच्या मेडिकलमधून, साळवेभाऊंकडून घेतल्या. हाडांसाठी कॅल्शियम आधीपासून चालू होतं, आणि वर मुलानं आणून दिलेली मल्टीव्हिटॅमिनची बाटली. तिनं मला फोन केला.

"पोरी, ह्या समद्या ताकदीच्याच हायेत ना? संगंच घेऊ का येगयेगळ्या? डॉक्टरीनबाई काय तरी बोलल्या व्हत्या, ध्यानातून गेलं बघ."

मी लेख लिहीत बसले होते — अंधश्रद्धेवरच. मला ठाऊक नाही, डॉक्टरांना विचार, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हणाले, "सगळ्या ताकदीच्याच. सकाळी एकदमच घेऊन टाक. दुधासोबत घे, म्हणजे गरम पडणार नाहीत."

गरम पडणार नाहीत — हे मी म्हणाले. उष्ण-थंड मानणाऱ्यांना भर सभेत हसणारी मी.

मावशीनं माझा शब्द पाळला. रक्त काही वाढेना. ऑपरेशन पुढं गेलं, मग आणखी पुढं. भांडी घासताना ती मधेच भिंतीला टेकून डोळे मिटायची. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं — गोळ्या कशा घेतात? मी सांगितलं. त्या चिडल्या. लोह आणि कॅल्शियम एका वेळी पोटात गेलं की लोह नीट अंगी लागत नाही, त्यात दूध. आणि मल्टीव्हिटॅमिनमध्येही कॅल्शियम, झिंक, लोह असू शकतं, ते बाटलीच्या मागं छापलेलं असतं, वाचायचं असतं. "असं घ्यायला कुणी सांगितलं त्यांना?"

"मेडिकलवाल्यानं," मी म्हणाले.

मावशीपुढं हे चाललं नसतं — तिला माझा फोन आठवत होता. तिला म्हणाले, गोळ्याच बनावट होत्या. दुसऱ्या दुकानातून गोळ्या आणल्या. त्याच कंपनीच्या, तशाच. फक्त आता लोह सकाळी उपाशी पोटी लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम रात्री जेवणानंतर, बाटली तूर्त बंद — डॉक्टरांचा हुकूम. रक्त वाढलं. ऑपरेशन झालं.

आणि साळवेभाऊ बनावट गोळ्या विकतात, असं पत्रक मी काढलं. मथळा — 'लोहाच्या नावाखाली चुना'. किती खूश होते मी त्या मथळ्यावर. तो खरासुद्धा होता. लोहावर चुना घातला होता — कॅल्शियम म्हणजे चुनाच — फक्त तो मी घातला होता.

साळवेभाऊ माझ्याकडं आले. आमची बैठक भरलेली. माणूस ओरडला नाही. "ताई, त्याच गोळ्या माझी बायको खाती. कुठंबी तपासून घ्या. खोट्या निघाल्या तर मी सोता दुकानाला कुलूप लावतो. नायतर कागद मागं घ्या."

तपासल्या असत्या तर खऱ्या निघाल्या असत्या. हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं — त्यांना आणि मला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मावशीचं वाढलेलं रक्तच पुरावा आहे, भाऊ. आणखी काय तपासायचं?" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चुनेवाले, चला आता." ते गेले. मग हर्सूलमध्ये त्यांना सगळे चुनेवालेच म्हणू लागले. त्यांच्या मुलीलासुद्धा. दिवाळीच्या आत त्यांनी दुकान बंद केलं.

भीती वाटली म्हणून केलं, असं लिहून पाहिलं. खोडलं. भीती नव्हती. मला ते आवडत होतं.

मावशी आता धडधाकट आहे. परवा दिराकडच्या लग्नाला वैजापूरला निघाली, तेव्हा माझ्याकडं डोकावली.

"त्या चुनेवाल्यानं तिथं दुकान टाकलंय म्हणं. तुझी ती पत्रकं हायेत का शिल्लक? दे थोडी. लग्नात वाटते. लोकांस्नी कळाया नगं व्हय?"

मी दिली.